अकराव्या पानावरची इरिना

अहवालाच्या अकराव्या पानावर एक बाई आहे. नाव इरिना, वय अडतीस. मोल्डोवा नावाच्या लहानशा देशात, सोरोका या नदीकाठच्या गावात राहते. साखर कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. कारखाना बंद पडला, तेव्हा चौतिसाव्या वर्षी ती सॉफ्टवेअर शिकली. आज त्याच गावातल्या जुन्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर तिची स्वतःची कंपनी आहे. सव्वीस मुली कामाला आहेत. गुडघ्यांमुळे तिच्या आईला जिना चढवत नाही, म्हणून ती दुपारी खालच्या पायरीवर बसून राहते, आणि मुली एकेक करून खाली येऊन तिच्याशी दोन शब्द बोलून जातात.

ही बाई जगात कुठंही नाही. ती मी केली. एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सरकवून, पस्तीस मिनिटांत.

मी कुवेतमध्ये शर्क भागात एका गुंतवणूक कंपनीच्या संशोधन विभागात सोळा वर्षं नोकरी करते. कुठल्या देशात कोणता धंदा वाढेल, याचे अहवाल लिहायचे हे माझं काम. गेल्या वर्षी मोल्डोवाच्या आयटी बाजाराचा अहवाल माझ्याकडं आला. युरोपच्या कडेला पडलेला गरीब देश, पण सॉफ्टवेअरवाल्यांना एकच ठोक कर, तोही थोडासा. इंटरनेट चांगलं, पगार पश्चिमेपेक्षा कमी, युरोपीय संघात शिरायची तयारी चाललेली. उलट बाजूला, शिकलेली पोरं दरवर्षी इटली-जर्मनीला निघून जातात, देशातलं गिऱ्हाईक अगदी थोडं, आणि शेजारी युद्ध. वाढ होईल, पण माणसं टिकली तरच होईल, असं मी चाळीस पानांत लिहिलं. तक्ते काढले. तळटिपा दिल्या. मला तर तो अहवाल आवडला होता.

आमचे साहेब, अबू खालिद, यांनी कच्चा मसुदा वाचून मला बोलावलं. "वासंती, यात चूक काही नाही. पण समितीतली माणसं जेवून येतात. दहाव्या पानाला पेंगायला लागतील. त्यांना एक माणूस दाखव. तक्त्याशी कुणी बोलत नाही."

आता इथं माझी एक खोड सांगायला हवी. मला कीर्तनाचं वेड आहे. लहानपणापासून. इथं आल्यावरही सुटलं नाही. रिग्गईला माझ्या मैत्रिणीच्या, विशाखाच्या फ्लॅटवर आम्ही पंधरावीस जणं महिन्यातून एकदा जमतो. खिडक्या लावून, पेटी हलक्या हातानं वाजवत, भिंतीवरच्या पडद्यावर सांगलीहून जयरामबुवांचं कीर्तन ऐकतो. बुवा काय सांगतात म्हणून सांगू. पूर्वरंगात निरूपण चाललेलं असतं, जड असतं, मागं बसलेल्या बायकांची मान हळूहळू खाली जात असते. मग बुवा झांज थांबवतात, खांद्यावरचं उपरणं सारखं करतात आणि म्हणतात, "एका गावात एक बाई होती." की सगळ्यांच्या माना वर. मी चाळीस वर्षं तो क्षण बघत आलेय. दृष्टान्त लागला की जड गोष्ट पोटात उतरते.

म्हणून मी अकराव्या पानावर दृष्टान्त घातला.

आधी "कल्पना करा" असं लिहून सुरुवात केली होती. मग वाचून पाहिलं. ते दोन शब्द असेपर्यंत इरिना कागदावरून उठत नव्हती. मी ते खोडले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं बऱ्याच जणांनी मला "घाईत झालं असेल" अशी सवलत दिली. घाई नव्हती. ते शब्द खोडताना मी दारापाशी कुणी उभं नाही ना, हे मान वळवून बघितलं होतं. ज्याला पाप वाटत नाही तो मान वळवत नाही.

समितीपुढं मी अहवाल मांडला तेव्हा अकरावं पान आलं आणि टेबलाभोवतीची माणसं पुढं सरकून बसली. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं, तर अध्यक्षांनी करांबद्दल विचारलं नाही, युद्धाबद्दल विचारलं नाही. म्हणाले, "तिच्या आईचे गुडघे आता कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

सगळे हसले. मीही हसले. गुंतवणुकीला हिरवा कंदील मिळाला आणि कंपनीच्या मासिक पत्रिकेत इरिनाची गोष्ट अरबीत आणि इंग्रजीत, दोन्हीत छापून आली. ती पत्रिका मी घरी नेली नाही. एवढी लाज तेव्हाही होती म्हणायची.

झहूरभाई आले ते नोव्हेंबरातल्या एका रविवारी. इथं कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो.

झहूरभाई आमच्या कंपनीचे मंदूब. म्हणजे सगळ्यांचे इकामे (इथं राहायचे परवाने), व्हिसे, सरकारी शिक्के यांची कागदं घेऊन कचेऱ्या फिरणारा माणूस. दाभोळकडचे, इथं चोवीस वर्षं. माझ्या सासूबाईंचा व्हिसा अडकला होता, तेव्हा हा माणूस रमझानचे रोजे धरून तीन दिवस रांगेत उभा राहिला आणि चौथ्या दिवशी कागद माझ्या टेबलावर ठेवून, पाणीसुद्धा न पिता निघून गेला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

"बाई, येऊ का?"

"या ना झहूरभाई. सही हवीय?"

"सही नाय. आज माझंच काम हाय." खुर्ची दिली तरी बसले नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "आमची फिजा. तुमी बघितलीय तिला."

फिजा त्यांची थोरली. सत्तावीस वर्षांची, आयटी शिकलेली. जाब्रियाच्या एका दवाखान्यात रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळते. हुशार मुलगी, पण तिथं तिला दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून द्यावे लागतात, असं तेच मला मागं एकदा हसत सांगत होते.

"तिला त्या तुमच्या मोल्डोवात अ‍ॅडमिशन मिळालंय. किशिनावला, तिथल्या राजधानीत, एमएसला. दोन वर्षं मागं लागलीय आणि मी नाय म्हणतोय. पोर एकटी, थंडीचा देश, बाजूला लढाई, बोली कळायची नाय. म्हटलं दुबईला जा, आतेकडं राहा. तर तोंड फिरवून बसली." त्यांनी खुर्ची जरा पुढं ढकलली. "मग गेल्या महिन्यात पत्रिकेतली तुमची गोष्ट वाचून दाखवली तिनं. तिच्या अम्मीला, आमच्या मुमताजला, आणि मला. मुमताज रडली बघा. म्हणाली, बाई हाय तिथं, बाईची आई हाय, सव्वीस पोरी हायत, आता कशाला अडवताव? मी पण विचार केला. वासंतीबाईंनी लिवलंय म्हणजे बघूनच लिवलं असणार. हो म्हटलं तिला."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"येत्या रविवारी ती दवाखान्यात राजीनामा देतेय. राजीनामा दिला की इकामा गेला, ते तुमाला सांगायला नको. परत यायचं म्हटलं तर पहिल्यापासून सुरुवात. म्हणून म्हटलं त्याआधी त्या इरिना म्याडमशी एकदा बोलून घ्यावं. त्यांचा नंबर द्या. नायतर तुमीच सांगा त्यांना, आमची पोर येतेय, सुट्टीच्या दिवशी दोन घटका तुमच्याकडं येऊन बसत जाईल. बाकी काय नको."

तेव्हा सांगायला हवं होतं. दार लावून घ्यायचं, झहूरभाईंना बसवायचं आणि सांगायचं. दोन मिनिटांचं काम होतं.

"विचारते," मी म्हटलं.

"विचारा. आणि शुक्रवारी जेवायला या आमच्याकडं. मुमताज कधीची म्हणतेय." आणि गेले.

विचारते म्हणे. कुणाला विचारणार होते मी?

दुसऱ्या दिवशी मी अबू खालिद साहेबांपुढं जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता आकाश कोसळणार.

"इतकंच?" ते म्हणाले. "वासंती, मी तीस वर्षं अहवाल वाचतोय. प्रत्येकात एक इरिना असते. कधी ती शेतकरी असते, कधी टॅक्सीवाला."

"पण ती नाहीये साहेब."

"आकडे आहेत ना? आकडे खोटे असते तर मी तुला आत्ता घरी पाठवलं असतं. जा, काम कर."

मी बाहेर आले ती हलकी होऊन नव्हे. माफी मिळाली होती, पण ज्याचं नुकसान व्हायचं होतं त्यानं ती दिली नव्हती.

मंगळवारी मी जयरामबुवांना फोन केला. ते मला ओळखतात, कुवेतच्या ताई म्हणतात. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "बुवा, दृष्टान्तातली माणसं खरी असतात का हो?"

"काही असतात. काही मी चहा पिताना तयार करतो," बुवा म्हणाले. "का बरं?"

"मग ते खोटं नाही होत?"

"नाही होत ताई. मी उभा असतो तेव्हा माझ्या खांद्यावर उपरणं असतं, हातात झांज असते, मागं पेटी-तबला असतो. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की हे कीर्तन आहे. तो माझ्या गोष्टीतल्या बाईचं घर शोधत जात नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं सांगितलात दृष्टान्त?"

मी सांगितलं.

"आणि तेव्हा तुमच्या गळ्यात काय होतं?"

"कंपनीचं ओळखपत्र," मी म्हटलं.

बुवा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला वाटत होतं की मी कीर्तनाची सेवा केली, त्यातली युक्ती चार मोठ्या माणसांपुढं नेली. खरं म्हणजे मी देवळातली वस्तू उचलून बाजारात विकून आले होते.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर सबाह अल-सालेमला झहूरभाईंच्या घरी गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. गाडीत वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. इमारतीखाली गाड्यांची गर्दी, तेव्हा फिजा मला जागा दाखवायला खाली आली. निळा लांब कुडता, डोक्यावर ओढणी, हातात गाडीच्या किल्ल्या. तिनं त्यांच्या घरची गाडी पुढं घेऊन माझ्यासाठी जागा केली. आम्ही दोघी लिफ्टमध्ये शिरलो. सहावा मजला.

दार बंद झाल्याबरोबर ती म्हणाली, "आंटी, इरिना नाहीये ना?"

पहिला मजला.

"मी शोधलं. पहिल्याच आठवड्यात. सोरोकातल्या लोकांचा एक ग्रुप आहे, तिथं विचारलं. असं काही ऑफिस कुणालाच माहीत नाही. आय नो, आंटी. इट्स ओके." ती लिफ्टच्या आकड्यांकडं बघत भराभर बोलत होती. "अब्बांना सांगू नका. प्लीज. अ‍ॅडमिशन खरं आहे, युनिव्हर्सिटी खरी आहे, माझे मार्क खरे आहेत. फक्त त्यांना हो म्हणायला कुणीतरी लागत होतं. तिथं गेल्यावर मी सांगेन, इरिना जर्मनीला गेली. सगळे जातातच ना तिथून, तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे."

चौथा मजला.

"फिजा, मी आज तेच सांगायला आलेय."

"मग सांगू नका. तुम्ही एकदा खोटं बोललात, त्यात माझं भलं झालं. आता खरं बोलून माझं वाटोळं करू नका."

दार उघडलं. समोर झहूरभाई पांढराशुभ्र सदरा घालून उभे होते. "या बाई, या. लिफ्ट हळू हाय आमची."

ओट्याशी मुमताजभाभी घावन घालत होत्या. मी शाकाहारी आहे हे माहीत, म्हणून त्यांनी माझ्यासाठी नवा तवा आणला होता. खरंच नवा, बाजूवर कागद चिकटलेला होता त्याच्या. "तुमच्या तव्याला आमचं काय लागलं नाय बरं का," त्या म्हणाल्या. सोबत नारळाचा रस, वाटाण्याची उसळ. मी ताटावर बसले आणि फिजा माझ्या अगदी समोर. तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी नजर पानात घातली.

खरं सांगते, त्या वेळी मी गप्प बसायचं ठरवलं होतं. लिफ्टमधून निघून ताटावर बसेपर्यंत मी पुरती फिरले होते. मुलीचं भलं होतंय, मी का मध्ये पडावं, असं मन बोलायला लागलं. किती गोड बोलतं मन अशा वेळी. स्वतःची अब्रू वाचते आणि वर दुसऱ्याचं कल्याण केल्याचं पुण्यही पदरात पडतं.

मग झहूरभाई उठले आणि कपाटातून एक पिशवी घेऊन आले. आत काजूची पुडी, कोकम आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली होती.

"इरिना म्याडमना. फिजाबरोबर पाठवायचं. तेल त्यांच्या आईसाठी. आमच्या गावच्या वैद्याचं हाय, माझ्या आईला गुण आला होता." ते पुन्हा बसले. "एक सांगू बाई? मी रोज फजरला त्या दोघींसाठी दुआ मागतो. आपली पोर ज्यांच्या भरवशावर चाललीय त्यांच्यासाठी मागायला नको? आईचे गुडघे बरे होऊ देत, म्हणतो. म्याडमचा धंदा वाढू दे, म्हणतो. नाव घेऊन मागतो."

मी हातातला घास पानात परत ठेवला. हा माणूस पहाटे उठून, तोंडहात धुऊन, देवापुढं हात पसरून माझ्या खोट्यासाठी मागत होता. समितीला फसवलं ते फसवलं, पण देवाच्या दारात मी ह्या भल्या माणसाला हातात खोटं नाणं देऊन उभं केलं होतं. तो देव त्यांचा की माझा, हा प्रश्नच आला नाही मनात. तिथं दोन दारं नसतात.

"झहूरभाई," मी म्हटलं, "ते मागणं थांबवा."

"का?"

"इरिना नाहीये. मी रचलेली गोष्ट आहे ती. तशी बाई नाही, शाळा नाही, मुली नाहीत. अहवाल लोकांनी वाचावा म्हणून मी घातली. तुम्ही आलात त्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझी चूक झाली."

तव्यावरचं घावन चुरचुरत होतं. मुमताजभाभींनी गॅस बारीक केला.

झहूरभाईंनी तेलाची बाटली हातात घेतली. "आई पण नाय?"

"नाही."

"मग ते गुडघे?"

"माझ्या सासूबाईंचे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू कुठल्यातरी कचेरीत त्यांना सांगितलं होतं की अर्ज चुकीच्या खिडकीवर दिलाय. मग त्यांची नजर फिजाकडं गेली. ती खाली बघत घावनाचे बारीक तुकडे करत होती.

"तुला ठाऊक होतं?"

फिजानं आणखी एक तुकडा मोडला.

"फिजा. अब्बा काय विचारतायत?" मुमताजभाभी म्हणाल्या.

"होतं," ती म्हणाली. मग तिनं मान वर केली, पण बापाकडं नाही, माझ्याकडं. "आता बरं वाटतंय तुम्हाला, आंटी?"

मला बरं वाटत नव्हतं. पण ती विचारत होती तेही खोटं नव्हतं. मी बोलले ते झहूरभाईंसाठी बोलले की माझ्या आत जे जळत होतं त्यासाठी, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. आणि माझ्या खोट्याबरोबर मी तिचंही उघड्यावर आणलं, हे तर ती बापाच्या डोळ्यांना डोळा देईना तेव्हा कळलं.

मी पर्स घेऊन उठायला लागले. मुमताजभाभींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "उपाशी उठू नका माझ्या घरातून. जे झालं ते झालं. गार होतंय." आणि माझ्या पानात गरम घावन वाढलं. ते मी खाल्लं. कसं खाल्लं ते विचारू नका.

हात धुऊन आल्यावर झहूरभाई म्हणाले, "त्या रिपोर्टात बाकीचं काय हाय? अकरावं पान सोडून."

"बाकीचं खरं आहे."

"मग वाचून दाखवा. मराठीत."

फोनवर अहवाल उघडून मी वाचायला लागले. कंपन्या किती वाढल्या. कर किती. शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी पुष्कळजण देश सोडतात. गावं ओस पडतायत. स्थानिक भाषा न येणाऱ्याला राजधानीबाहेर काम मिळणं अवघड. परदेशी मुलींबद्दल माझ्याकडं माहितीच नव्हती, ते "माहिती नाही" म्हणून वाचलं. पाऊण तास लागला. गोष्ट नाही, उपमा नाही, काही नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या घरात कुणी पेंगलं नाही. मुमताजभाभी तर गुडघ्यांवर हात ठेवून, श्वाससुद्धा जपून घेत ऐकत होत्या. ज्याची मुलगी जायची असते त्याला दृष्टान्त लागत नाही.

"तुमची कंपनी घालणार पैसे तिथं?" झहूरभाईंनी विचारलं.

"घालणार."

"मग पैशाला चालला देश. पोरीला चालेल का, ते यात नाय." त्यांनी फिजाकडं न बघता सांगितलं, "रविवारी राजीनामा द्यायचा नाय."

"अब्बा, अ‍ॅडमिशन जाईल."

"जाऊ दे."

ती उठून आत गेली. दार आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मला सोडायला झहूरभाई लिफ्टपर्यंत आले. लिफ्टची वाट बघताना म्हणाले, "तुमी कधी गेलाव तिथं?"

"नाही."

"बसल्या जाग्यावरनं लिवलंत."

"हो."

"मग जावा एकदा. डोळ्यांनी बघा. पोरी कुठं राहतात, कशा जातात-येतात, काय खातात. येऊन मला सांगा. फेब्रुवारीत परत अ‍ॅडमिशन घेतात म्हणते ती. तुमी सांगाल त्यावर मी ठरवीन." लिफ्ट आली. "दुसऱ्या कुणाला विचारता आलं असतं. पण गोष्ट तुमची होती."

रविवारी फिजानं राजीनामा दिला नाही. तिच्या अ‍ॅडमिशनची मुदत त्या आठवड्यातच संपली. मी समितीच्या सगळ्या सभासदांना माझ्या सहीनं पत्र लिहिलं की अकराव्या पानावरची व्यक्ती काल्पनिक आहे आणि ती तशी आहे हे मी जाणूनबुजून लपवलं. अबू खालिद दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग इतकंच म्हणाले की यापुढं माझ्या अहवालावर आणखी एकाची सही लागेल. अध्यक्षांचं एका ओळीचं उत्तर आलं: गुंतवणूक कायम आहे. म्हणजे मी खोटं बोलले त्याची तिथं काही गरजच नव्हती. हे वाचून तर मला अजूनच खजील व्हायला झालं.

सांगलीला जानेवारीत जयरामबुवांचा कीर्तन सप्ताह असतो. त्यासाठी वर्षभर साठवलेली रजा मी किशिनावसाठी टाकली. रजेचा अर्ज झहूरभाईंकडूनच जातो. त्यांनी तो संगणकावर उघडला आणि विचारलं, "कारण काय लिवू?"

"बघायला जातेय, असं लिहा."

"तसा पर्याय नाय त्यात," ते म्हणाले आणि 'वार्षिक रजा' यावर क्लिक केलं.

निघायच्या आदल्या दिवशी फिजाचा मेसेज आला. त्या शुक्रवारनंतरचा पहिलाच. वर नमस्कार नाही, आंटी नाही. नुसते प्रश्न, इंग्रजीत, आकडे घालून. वसतिगृहात हीटर किती वाजता बंद करतात. वर्गात परदेशी मुली किती. संध्याकाळच्या बसमध्ये बायका दिसतात का. हलाल दुकान पायी किती लांब. शिकवताना मध्येच रशियनमध्ये बोलतात का. शेवटचा, सतरावा, असा होता: तिथल्या कंपन्या माझ्यासारखीला खरंच कामावर घेतील का? तीन ठिकाणी जाऊन विचारा. उत्तर नाही असेल तर नाही एवढंच लिहा, पुढं काही जोडू नका.